शालूबाईचं आवतण

शिवाजी पेठेत एखाद्या घरी लग्न ठरलं की कार्यालय कुठलं, आचारी कोण, मांडव कुणाचा यावर चार-चार दिवस भांडणं चालायची. एका गोष्टीवर मात्र कधी कुणी तोंड उघडलं नाही. आवतण शालूबाई देणार.

आवतण म्हणजे पत्रिका नव्हे. पत्रिका पोस्टानं येते, दाराखालनं सरकवता येते, टीव्हीवर पडून राहते. आवतण दारात येऊन उभं राहतं आणि उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही. पदर कमरेला खोचलेला, डाव्या हातात अक्षतांचा पितळी डबा, अशी शालूबाई उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि तिच्या हाकेनं माडीवरची माणसं कठड्याशी यायची.

"घरात माणसं हाईत का समदी फिराय गेल्यात?"

मग तीन गोष्टी. कुणाचं, कुठं, कवा. ह्या तिन्ही सांगितल्याशिवाय ती डब्याचं झाकण काढत नसे. तिच्या सासूनं तिला तसंच शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. तिन्ही सांगून झाल्या की समोरच्याच्या तळहातावर चिमूटभर अक्षता ठेवायच्या आणि विचारायचं, "किती पानं?" म्हणजे जेवायला किती माणसं येणार. घरवाली बोटं मोजत हिशेब करायची, शालूबाई तो डोक्यात ठेवायची आणि पुढच्या दाराला जायची. संध्याकाळी आचाऱ्याला ती सांगेल तेवढा तांदूळ भिजायचा.

बदल्यात एक साडी, थोडा शिधा आणि जेवण. जेवण शेवटच्या पंगतीला, आचाऱ्यांबरोबर. सगळ्या पेठेला बोलावणारी ती, पण तिला कुणी बोलावत नसे. कामाच्या बाईला कोण आवतण देतं? तिलाही त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. निदान ती तसं म्हणायची.

गल्लीच्या टोकाला, पिंपळापाशी तानाबाई एकटी राहायची. वय ऐंशीच्या घरात, लेक पुण्याला. गुडघे धड होते तोवर तिनं दोन म्हशी पाळल्या, गंगावेशीला जाऊन दूध घातलं, आणि म्हशी विकल्या ते पैसे बँकेत टाकले. ते कशासाठी ठेवलेत हे तिनं एकट्या शालूबाईला सांगितलं होतं.

"माझ्या बाराव्याचं हाईत ते. लेकाच्या जिवावर न्हाय जेवाय घालायचं लोकास्नी. आणि शाले, आवतण तूच द्यायचं. आख्ख्या गल्लीला. पान कमी पडाय नको."

"आत्ती, असलं काय बोलतीस सकाळच्या पारी."

"मग काय संध्याकाळी बोलू? तू व्हय म्हण."

शालूबाईनं व्हय म्हटलं होतं.

पुढं फोन आले. लोक म्हणायला लागले, शालूबाई, आता कशाला उन्हात फिरताय, मेसेज टाका की. तिनंही फोन घेतला. चौकातल्या मोबाईलच्या दुकानातल्या आदर्शनं तिला बाकावर बसवून एकेक नंबर भरून दिला. आडनावं तिला लागत नव्हती, दारं लागत होती. म्हणून फोनात 'जिन्याखालच्या वहिनी', 'निळ्या दाराचं मास्तर', 'पिंपळाजवळची तानाबाई' असली नावं बसली. आख्खी पेठ त्या फोनात आली. मग ती आवाज भरून पाठवायला लागली. "शालूबाई बोलतोय. अमक्याच्या घरचं लगीन हाय." पहिल्या वर्षी लोकांनी ते हौसेनं ऐकलं. नंतर नुसत्या निळ्या खुणा यायच्या. नंतर त्याही कमी झाल्या. साड्याही.

म्हणून यंदा प्रभावतीकाकूंनी जे सांगितलं त्यानं तिला बरं वाटलं होतं. काकूंचं कोपऱ्यावर किराणा दुकान. माहेर कानडी सीमेकडचं, त्यामुळं त्या वयानं मोठी असो की धाकटी, प्रत्येकीला अक्का म्हणायच्या.

"अक्का, आमच्या भाग्यश्रीचं आवतण फोनवर न्हाय चालणार. डबा घेऊन दारोदार. जुन्यासारखं. तारीख निघाली की सांगतो."

त्या सकाळी शालूबाई चिंच लावून तोच डबा घासत होती. नवरा सयाजी दारात खुर्ची टाकून बसला होता. एके काळचा गोलकीपर, आता गुडघ्यांना पट्टे बांधून तालमीच्या कट्ट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं एवढाच त्याचा खेळ राहिला होता. फोन वाजला. मांडववाल्या आकारामचा मेसेज.

"आमच्या येथील शुभविवाहास आपण सहकुटुंब उपस्थित राहावे. पत्रिका उघडून पाहा. आपण आलेच पाहिजे."

शालूबाईनं तो दोनदा वाचला.

"अवो, आकारामनं लग्नाला बोलवलंय."

"कामाला?"

"कामाला न्हाय. बोलवलंय. सहकुटुंब."

"म्हणजे मला पण?"

"माझ्या सहकुटुंबात तुमच्याबिगर कोण हाय?"

सयाजी जरा सरळ बसला. "कुणाचं लगीन?"

"पत्रिकेत असंल की."

आयुष्यभर तिनं दुसऱ्याच्या दारात जी पहिली गोष्ट सांगितली, ती स्वतःच्या दारात विचारायची राहिली. आपण आलेच पाहिजे, एवढं वाचून तिचा चिंचेचा हात पदराला पुसला गेला होता. तिनं पत्रिकेवर बोट ठेवलं. फोननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. तिनं उजवीकडचं बटण दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. मग गणपती आला, केळीचे खांब आले आणि खाली चौकटी आल्या. नाव लिहा. मोबाईल नंबर लिहा. पत्रिका पाहण्यासाठी एटीएम कार्डाचा नंबर लिहा.

कार्ड तिच्याकडं नव्हतंच. ती बँकेत स्लिप भरून पैसे काढायची. थोडा वेळ चौकटींकडं बघून तिनं फोन बाजूला ठेवला.

"काय पत्रिका दिसंना. नेट गेलं असंल."

"फोन लाव की आकारामला. आहेर काय न्यायचा ते ठरवाय पाहिजे," सयाजी म्हणाला.

डबा अर्धा घासून झाला तोवर प्रभावतीकाकूंचा फोन आला.

"अक्का, तू मेसेज टाकलास व्हय? आमची तारीख अजून निघाय हाय आणि पत्रिका कुठली पाठवलीस?"

"मी कुठं पाठवली?"

"तुझ्याच नावानं आलीया की. मी उघडत हुतो, तवर आमच्या पोरानं, अभिनंदननं, हातातनं फोन वढून घेतला. वराडलाय माझ्यावर."

तो ठेवते न ठेवते तोच दुसरा. मग तिसरा. मावशी, लगीन कुणाचं? मावशी, पत्रिका उघडंना. मावशी, हॉल कुठला? शालूबाईला काही कळेना. तिनं आकारामला लावला.

"पोरीचं लगीन काढलंस व्हय रं आकाराम, आणि मेसेजवर..."

"मावशी, सकाळपास्नं शिव्या खातोय मी," आकाराम म्हणाला. "माझी पोरगी नववीत हाय. तिचं कसलं लगीन?"

"मग पत्रिका?"

"माझ्या नावानं गेली. मला हुपरीच्या पावण्याच्या नावानं आलती. चांदीवालं पावणं, म्हटलं मोठ्या घरचं लगीन हाय, मांडवाचं काम मिळंल. उघडली. तुमी न्हाय न्हवं उघडली?"

शालूबाईनं हातातला डबा खाली ठेवला.

"मावशी? अवो, उघडली का काय?"

तिनं फोन ठेवला आणि चिंचेचे हात तसेच घेऊन ती आदर्शच्या दुकानाकडं निघाली.

आदर्शनं फोन हातात घेतला, एकदाच बघितलं आणि पहिल्यांदा नेट बंद केलं. मग सिम बाहेर काढलं.

"मावशी, ही पत्रिका न्हवं. ह्यो ॲप हाय. तुमी फोनात घेतलासा."

"मी काय घेतलं न्हाय रं. नुसतं उघडलं."

"हे बघा, नावाच्या शेवटी काय हाय? ए, पी, के. पत्रिका असली तर फोटो असतोय, न्हायतर पीडीएफ. ती दाखवाय फोन कसली परवानगी मागत न्हाय. ह्येनं मागितली. मेसेज वाचू का, नंबर बघू का. तुमी व्हय म्हटलासा."

"इंग्रजीत इचारलं रं त्येनं."

"इंग्रजीत इचारलं की न्हाय म्हणायचं, मावशी." तो चिडून बोलला नव्हता. सकाळपासून दुकानात आलेली ती चौथी की पाचवी. "आता बँकेचा आकड्याचा मेसेज, ओटीपी, आला की तुमच्या आधी त्यास्नी दिसणार. कार्डाचा नंबर घातलासा?"

"कार्ड कुठं हाय माझ्याकडं?"

"मग तुमचं पैसं वाचलं. बँकेत सांगून ठेवा तरी." तो थांबला. "खरं, तुमच्या फोनातनं सगळ्यांस्नी गेलंय."

"सगळ्यांस्नी म्हणजे?"

"मीच भरलेलं की नंबर. सगळ्यांस्नी."

"मग परत बोलाव. एकेकाचा माघारी घे."

"गेलेलं माघारी येत न्हाय, मावशी. पुसलं तरी ज्येनं उघडलं त्येच्या फोनातनं पुढं गेलंय. आणि हा फोन आता चालू करायचा न्हाय. सगळा पुसून काढाय लागणार. नंबर पण जातील."

"पेठ पुसणार म्हणतोस."

आदर्शनं तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. "माझ्याकडं ज्यांचं नंबर हाईत त्यास्नी मी फोन करतो. तुमी काय सांगायचं ते ऐका. आलं असंल तर उघडू नका. उघडलं असंल तर नेट बंद करून सरळ बँकेत जावा. पैसं गेलं असलं तर एकोणीसशे तीसला फोन लावा, सरकारी नंबर हाय, जितकं लवकर तितकं बरं. ध्यानात ऱ्हाईल?"

ध्यानात ठेवणं हेच तर तिचं काम होतं. उघडू नका, बँक, एकोणीसशे तीस. तिनं ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं.

"त्या पिंपळाजवळच्या आजींचा नंबर माझ्याकडं न्हाय," आदर्श म्हणाला.

"तानाआत्तीला काय उघडतंय? लेकाचा फोन उचलायचा तेवढा कळतो तिला. तिकडं शेवटाला जातो."

शालूबाई उठली आणि निघाली. डबा घरीच होता. बिनडब्याचं दारोदार फिरायची ही तिची पहिली वेळ. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना.

तालमीच्या कट्ट्यावर नेहमीची पोरं होती. सकाळचा फुटबॉलचा सराव करून चिखलाच्या बुटांसकट चहा पीत बसलेली.

"मावशी, तुमच्या लग्नाची पत्रिका आली," एक जण म्हणाला. "सयाजीआबास्नी म्हाईत हाय का?"

"उघडली का तुमी?"

"आमी कुणाची पत्रिका उघडत न्हाय. डायरेक जेवाय जातो."

सगळे हसले. शालूबाई हसली नाही, तेव्हा ते गप्प झाले. तिनं तीन गोष्टी सांगितल्या. पोरांनी फोन काढून बघितले. एकाचाही उघडलेला नव्हता.

पुढच्या घरी सून कपडे वाळत घालत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी बघितलाच न्हाय मावशी. खरं सांगू? राग मानू नका. तुमचं मेसेज मी बंदच करून ठेवल्यात. लई येत हुतं न्हवं."

"बरं केलंस बाई," शालूबाई म्हणाली. मनापासून म्हणाली.

जिन्याखालच्या वहिनींच्या घरात आवाज चढलेले होते. दारात शालूबाई दिसल्याबरोबर वहिनींचा नवरा आत बघून म्हणाला, "घे, आली बघ. इचार तिलाच."

"मी कुणाचंबी उघडत न्हाय," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "बँकेचं म्हणून येतंय, लाईट तोडणार म्हणून येतंय, पार्सल अडकलंय म्हणून येतंय. एक न्हाय उघडलं आजवर. मावशी, तुझं नाव बघितलं गं मी. म्हटलं, भाग्यश्रीचं आवतण आलं."

"नेट बंद करा. बँकेत जावा आधी," शालूबाई म्हणाली.

"ह्ये मला तू सांगतीस?" नवरा म्हणाला. "तू?"

तिनं एकोणीसशे तीस सांगितलं. त्यानं दार लावून घेतलं. दाराच्या ह्या बाजूला उभं राहून तिनं तो आकडा पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितला, आतून ऐकू जाईल असा.

निळ्या दाराच्या मास्तरांनीही उघडलं होतं. ते शांतपणे चपला घालत होते, बँकेत निघाले होते. "तुझ्या नावानं आलं म्हणून," एवढंच म्हणाले. ह्या दारात तेच. त्या दारात तेच. ज्यांनी तिचे मेसेज बंद करून टाकले होते, ज्यांना तिचं नाव दिसलं तरी बोट हलवायचा कंटाळा आला होता, ती माणसं बिनघोर होती. आणि ज्यांनी तिचं नाव बघून हातातलं काम टाकून फोन उचलला होता, ती चपला शोधत होती. शालूबाई एकेक दार मागं टाकत चालली, आणि आता पुढच्या दारात कुणी आपल्याला किंमत देणारं नसू दे, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.

पिंपळापाशी पोचायला ऊन डोक्यावर आलं होतं.

तानाबाई पायरीवर बसली होती. केसांना तेल, कपाळ स्वच्छ पुसलेलं, अंगावर ठेवणीतलं इरकल लुगडं. मांडीवर रुमालात गुंडाळलेला फोन. शालूबाईला बघून ती दार धरून उठायला लागली.

"आलीस? किती वाट बघायची माणसानं. चल."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? लग्नाला. तूच बोलवलंयस न्हवं?" तानाबाईनं पदर सारखा केला. "खरं, कुणाचं हाय गं? तेवढं काय दिसंना त्यात."

शालूबाई पायरीवर बसली. "आत्ती, तू उघडलंस?"

"मग? तुला काय वाटलं, मला येत न्हाय? लेकानं शिकवलंय. आधी गणपती आला. मग नाव इचारलं, ते घातलं. मग कार्डाचा नंबर इचारला."

"आणि घातलास?"

"घातला की. तू दारात इचारतीस न्हवं, किती पानं? म्हटलं, आता असं इचारत असतील. कार्ड बघून पान धरत असतील. रेशनला न्हाय का अंगठा मागत? चष्मा लावून एकेक आकडा घातला. पाठीमागचं तीन आकडं मागितलं, तेबी घातलं. मग कसला तरी मेसेज आला आणि आपलं आपणच सगळं झालं. मला काय करायचंबी पडलं न्हाय. म्हटलं, बघ, शालीनं किती सोय केलीया."

शालूबाईनं रुमाल सोडून फोन हातात घेतला. तिला त्यातलं काही बंद करता येत नव्हतं. आदर्शनं आपल्या फोनातलं सिम काढलेलं तिला आठवलं, पण ह्या फोनात ते कुठं असतं तेही तिला माहीत नव्हतं. तिनं नुसतं बाजूचं बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत.

"काय झालं?" तानाबाई म्हणाली. "लगीन मोडलं?"

"बँकेत जायाचं, आत्ती. पासबुक घे."

रिक्षात शालूबाईनं सगळं सांगितलं. तानाबाई बाहेर बघत ऐकत होती. गांधी मैदान गेलं, चौक गेला. मध्येच तिनं विचारलं, "म्हणजे लगीन न्हाईच?" शालूबाई म्हणाली, न्हाय. "मग तुझ्या नावानं कोण बोललं?" शालूबाईनं रिक्षावाल्याला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

बँकेत काचेपलीकडं एक तरुण मुलगी होती. तिनं पासबुक घेतलं, संगणकात बघितलं, पुन्हा बघितलं, मग खातं गोठवायचं बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. म्हशींचे पैसे नव्हते. खात्यात जेवढं शिल्लक ठेवावं लागतं तेवढंही नव्हतं.

"आजी, अनोळखी माणसानं पाठवलेलं उघडायचं नाही. आम्ही बाहेर भिंतीवर लावलंय बघा."

"अनोळखी न्हवतं," तानाबाई म्हणाली आणि शेजारी बोट केलं. "हिनं पाठवलं."

मुलीनं शालूबाईकडं बघितलं. मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी बघितलं. शालूबाईला सांगायचं होतं की मी नाही पाठवलं, माझ्या फोनानं पाठवलं, त्याच्या आधी आकारामच्या, त्याच्या आधी हुपरीच्या. पेठेतल्या कुठल्याही दारात तिचा आवाज माडीवर पोचायचा. इथं तो काचेपलीकडंही गेला नाही.

मुलीनंच आपल्या फोनवरनं एकोणीसशे तीस लावून दिला. पलीकडच्या बाईनं नाव विचारलं, बँक विचारली, कधी गेले विचारलं आणि तक्रारीचा नंबर दिला. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात गेलेले होते. शालूबाईनं विचारलं, मिळतील का? पलीकडची बाई म्हणाली, थांबवायचा प्रयत्न करतो, सांगता येत नाही. चौकीतल्या हवालदारानंही अर्ज घेऊन तेच सांगितलं, फक्त जरा मोठ्या आवाजात. आज आपल्या पेठेतनं लई जण आल्यात, म्हणाला. शालूबाईनं मान खाली घातली.

परत येताना तानाबाई मध्येच एका दुकानाच्या पायरीवर टेकली.

"काय खाल्लंस सकाळपास्नं?"

"काय खाणार? आज जेवान हाय म्हणून चूल पेटवली न्हाय."

शालूबाईनं तिला आपल्या घरी आणलं, भिंतीला टेकवून बसवलं आणि पिठलं टाकलं. सयाजी दारातनं उठला. त्यानं आपली खुर्ची उचलून तिला ताट ठेवायला पुढं सरकवली. तानाबाई भाकरी मोडून सावकाश जेवली. ताट अर्धं झाल्यावर म्हणाली, "मीठ कमी हाय." नंतर म्हणाली, "लेकाला सांगू नको. फोन काढून घेईल."

"आत्ती, मी काम करून फेडतो. आवतणाच्या साड्या इकून..."

"किती साड्या येत्यात तुला आता?"

शालूबाईनं तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या सरकवला.

"तू न्हाय घेतलंस माझं पैसं," तानाबाई म्हणाली. "ज्येनं घेतलं त्येचं तोंड तुला ठाव न्हाय, मला न्हाय, त्या पोलिसाला न्हाय. कुणाच्या दारात जाऊन भांडायचं?" तिनं ताटात पाणी घेऊन बोटं धुतली. "एक झालं खरं. पैसं परत येईस्तवर आता मला मरता यायचं न्हाय."

सयाजी हसला. तानाबाईही हसली. शालूबाई ताट घेऊन मोरीपाशी गेली आणि पाण्याचा नळ मोठा सोडून ते एकच ताट धुवत राहिली.

पुढच्या महिन्यात भाग्यश्रीची तारीख निघाली. काकूंनी दिल्या शब्दाप्रमाणे शालूबाईला बोलावलं. अक्षता तिच्या डब्यात स्वतःच्या हातानं भरल्या. फक्त दुकानाच्या पायरीपर्यंत आल्यावर हळूच म्हणाल्या, "अक्का, मी सगळ्यांस्नी आधी फोन करून ठेवलाय हं. शालूबाई येणार हाय, खरं हाय, म्हणून. ह्येंनी सांगितलं तसं. वाईट वाटून घेऊ नको."

"बरं केलंसा," शालूबाई म्हणाली.

दारं उघडी होती. हाक मारायच्या आधीच माणसं बाहेर येऊन उभी होती. "व्हय, व्हय, काकूंचा फोन आलता," म्हणत होती. कुणाचं, कुठं, कवा, सगळं त्यांना ठाऊक होतं. ती सांगायला लागली की ते मान हलवून घाई करत. जिन्याखालच्या वहिनींनी हात पुढं केला, पण डोळे डब्यावर ठेवले. त्यांचा नवरा आतूनच म्हणाला, "काकूंनी सांगितलंय तेच न्हवं?" कुणी वाकडं बोललं नाही. कट्ट्यावरच्या पोरांनीही चेष्टा केली नाही. त्यांनी चेष्टा केली असती तर तिला बरं वाटलं असतं.

पिंपळाजवळच्या घरी काकूंचा फोन आलेला नव्हता. तिथं आता फोनच नव्हता. लेकाला कुणीतरी कळवलंच होतं. पुण्याहून येऊन तो फोन घेऊन गेला. चौकीतून अजून काही कळलं नव्हतं. विचारलं की चौकशी चालू आहे, म्हणायचे.

दार लोटलेलं होतं. शालूबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि हाक न मारता तिनं कडी वाजवली.

"कोण हाय?" आतून तानाबाई म्हणाली.

"मी, आत्ती."

"मग मुक्यानं का उभी हाईस? आवतण हाय का?" भिंत धरत धरत तानाबाई उंबऱ्यापाशी आली. शालूबाईनं सांगायला तोंड उघडलं, प्रभावतीकाकूंच्या भाग्यश्रीचं, आणि पुढचं तिला आठवेना. कार्यालयाचं नाव आठवेना. सकाळपासून पन्नास दारांत सांगितलेली तारीख आठवेना.

त्या पत्रिकेच्या वेळेसारखंच तानाबाईनं काहीच विचारलं नाही. कुणाचं, कुठं, कवा, काही नाही. सुरकुतलेला तळहात तिनं उंबऱ्यापलीकडं पुढं केला.

"घाल अक्षता. आणि माझं एक पान धर."

तिन्ही गोष्टी न सांगताच शालूबाईनं डब्याचं झाकण काढलं. चिमूट भरली. आणि तिला तो हात पुढं नेता येईना.